भांगलणीचा पैरा

रंजनाचं खाचर आज पुन्हा पहिलं आलं होतं.

सुवर्णानं फोन पालथा घातला. गॅसवरचं दूध उतू चाललेलं दिसत होतं, तरी ती हलली नाही. मग फोन सरळ करून पुन्हा बघितलं, तर आकडे जिथल्या तिथं. घागरवाडीच्या सगळ्या भातखाचरांची नाडी रोज सकाळी गावाच्या ग्रुपवर यायची, आणि लावण उरकल्यापासून वरचं नाव एकच होतं, रंजना विलास केसरकर. तिच्याखाली, चांगलं अंतर ठेवून, सुवर्णा मारुती केसरकर. बाकीचं गाव त्याहून खाली.

"आली काय नाडी?" सुवर्णाचा नवरा मारुती न्हाणीच्या दारातून म्हणाला. "आपली रंजनाच पहिली असंल."

"आपली!" म्हणून सुवर्णानं दूध उतरवलं, आणि भांडं असं आदळलं की उरलेलंही ओट्यावर आलं.

आता ही रंजना कोण, तर सुवर्णाची धाकटी जाऊ. तिचा नवरा विलास गोव्यात हॉटेलात स्वयंपाकी, सणासुदीला तेवढा यायचा. रंजना गावात एकटी, आणि मजेत. तशी बाई वाईट नव्हती हो. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, हाताला चव, तोंडात साखर. पण आळस! घागरवाडीत कुणाला कामाला उशीर झाला की 'काय गं, रंजना झालीस काय?' असं विचारायची रीतच पडली होती. तिच्या रानात तण भाताच्या वर डोकं काढायचं, आणि ही बया बांधावर चटई टाकून, कानात गाणी घालून आडवी व्हायची.

आणि सुवर्णा? आजऱ्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या अगदी कुशीत असलेल्या त्या गावात सुवर्णाच्या हाताला तोड नव्हती. भाताची लावण असो नाहीतर भांगलण, म्हणजे खुरप्यानं तण काढणं असो, बायकांच्या रांगेत उजव्या टोकाला सुवर्णा असायची आणि बाकीच्या तिच्या चालीनं सरकायच्या. ही रांग पैऱ्याची. पैरा म्हणजे आज सगळ्यांनी माझ्या रानात राबायचं, उद्या सगळ्यांनी तुझ्या. तिथं मजुरीचं नाव काढायचं नाही, पण हाताची फेड हातानंच करायची. ती ज्यानं चुकवली त्याला गाव पुन्हा उभं करत नाही. रंजना नवी नवरी होऊन आली तेव्हा तीही एकदा ह्या रांगेत उतरली होती. दुपारपर्यंत रांग पार बांधाला लागली आणि ही मध्यावर, पदर सावरत, एकटीच. तेव्हा सुवर्णानंच सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं, "ह्या बाईला पैऱ्यात नगो. हिच्या दिवसाची फेड कशी करायची, निम्म्या दिवसानं?" बायका पोट धरून हसल्या होत्या. रंजनाही हसली होती. त्यानंतर तिची लावण कायम सगळ्यांत शेवटी, भाड्याच्या यंत्रानं व्हायची.

अशी ती रंजना आणि अशी ही सुवर्णा, आणि तरीही वरचं नाव रंजनाचं. बघा आता काय म्हणायचं ह्याला!

ह्या सगळ्याची सुरुवात उन्हाळ्यात झाली. देवळाच्या सभामंडपात भातसंशोधन केंद्राच्या मुल्ला मॅडमनी गावाला गोळा केलं होतं. डॉ. फरहाना मुल्ला कागलच्या, बोलायला सरळ, आणि पडद्यावर चित्रं दाखवण्यापेक्षा हातात चिखलाची बरणी घेऊन बोलणाऱ्या. सुवर्णा पहिल्या रांगेत बसली होती.

मॅडमनी सांगितलं ते असं. खाचरात पाणी उभं राहिलं की खालच्या चिखलात हवा शिरत नाही. बिनहवेच्या त्या चिखलात काही जंतू फार सुखात राहतात. कुजलेली मुळं, पानं खातात आणि मिथेन नावाचा वायू सोडतात. तो भाताच्या पोकळ काडीतून नळीतून आल्यासारखा वर येतो आणि आभाळ तापवतो. खाचर मधूनमधून सुकवलं तर तो कमी होतो, हे जुनंच ज्ञान. पण पाऊस आता असा लहरी झाला होता, की एकदा सोडलेलं पाणी पुन्हा मिळेल याची हमी कुणी देईना. तिकडं मोठ्या बाजारांनी तर ठरवूनच टाकलं होतं, की मिथेनची खूण असलेला तांदूळ दोन हंगामांनंतर दारात घ्यायचा नाही. शेजारच्या दोन खोऱ्यांनी भात सोडून दिला होता. घागरवाडीच्या सुवासिक घनसाळचा नंबर पुढचा होता.

"ह्या बरणीत त्यावरचा उपाय आहे," मॅडम म्हणाल्या. "हे पण जंतूच. पण हे हजारोंनी एकापुढं एक चिकटून दोरा करतात. केसापेक्षा कितीतरी बारीक, पण लांबीला बोटाच्या पेरापेक्षा जास्त. दोऱ्याचं वरचं टोक चिखलाच्या पृष्ठावर राहतं, तिथं थोडा प्राणवायू मिळतो. खालचं टोक खोल जातं. तिथं सडक्या अंड्याच्या वासाचा गंधकाचा वायू असतो, जो भाताची मुळं काळी करतो. खालचं टोक तो वायू खातं, वरचं टोक श्वास घेतं, आणि मधल्या दोऱ्यातून वीज वाहते. खरीखुरी वीज. जिवंत तार आहे ही."

"मग मिथेनचं काय हुतं?" मागून कुणीतरी विचारलं.

"विषारी गंधकाचं खत होतं. त्या खतावर दुसरे जंतू पोसतात, आणि ते मिथेनवाल्यांच्या ताटातला घास पळवतात. मिथेनवाले उपाशी. मुळं पांढरीशुभ्र. आणि पाणी जसंच्या तसं उभं."

सुवर्णानं तेव्हा हात वर केला होता. "आणि ही तार तुटली तर?"

मॅडम तिच्याकडं बघून म्हणाल्या होत्या, "छान विचारलंत. तुटली की खालचा तुकडा गुदमरून मरतो. एका पावलाखाली अशा लाखो तारा असतात. म्हणून लावण झाली, विरजण टाकलं, की कापणीपर्यंत खाचरात पाय घालायचा नाही. भांगलण नाही. खेकडे धरणं नाही. तण राहिलं तर राहू दे."

सभामंडपात एकच गलका झाला. भांगलण नाही म्हणजे काय? बायकांनी एकमेकींकडं बघितलं. पुरुषांना खेकड्यांचं जास्त वाईट वाटलं. आणि रंजना? ती सभेला आलीच नव्हती. "तुमी सांगा की मग काय ते," असं म्हणून ती घरी झोपली होती, आणि नंतर तिला सांगायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

बरणीतल्या त्या चिखलाला गावानं नाव दिलं विरजण. प्रत्येक खाचराच्या बांधाजवळ एक खुंटी रोवली गेली. चिखलातल्या विजेचा जोर ती मोजायची, आणि तो आकडा म्हणजे नाडी. कापणीनंतर ज्या खाचराची नाडी सगळ्यांत भक्कम, त्याचाच चिखल पुढच्या वर्षी गावाच्या सगळ्या रानांत पडणार होता. प्रयोगशाळेतलं विरजण एका हंगामापुरतं. ह्या खोऱ्याच्या चिखलात, ह्या पावसात तगलेलं तेच पुढं टिकणार. एकाही खाचरात ते तगलं नाही तर केंद्र दुसरीकडं जाणार आणि घनसाळ संपणार. आणि ज्या घरचं खाचर निवडलं जाईल त्या घरच्या बाईनं त्या चिखलाची पहिली पाटी डोक्यावर उचलायची, असं गावानं वाजत-गाजत ठरवून टाकलं होतं. जाणूनबुजून कुणाची नाडी पाडणाऱ्याचं खाचर दुसऱ्याच्या राखणीला द्यायचं, हा नियमही तेव्हाच झाला होता.

ती पाटी सुवर्णाला हवी होती. दुसरं काही नको होतं हो तिला. भांगलण गेली, म्हणजे उजव्या टोकाचा मान निम्मा गेला. निदान ही पाटी तरी आपल्या डोक्यावर यावी.

पण सवय कुठं जाणार? श्रावणात एका सकाळी खाचराच्या मध्यावर तिला लव्हाळ्याचा एक तुरा दिसला. एकच. तिनं डोळे मिटले, पदर चावला, घरी जाऊन भांडी घासली, परत आली. तुरा तिथंच, वाऱ्यावर डुलत. मग ती उतरली, उपटला, आणि तिथवर गेलोच आहोत म्हणून आणखी चार उपटले. दुसऱ्या दिवशी नाडी धपकन खाली. पुढं तिनं बांबूला विळा बांधला आणि बांधावरूनच तण कापायला लागली. हळूहळू नाडी सावरली, चढली, दुसऱ्या नंबरावर आली. बाकीच्या गावाची तर बोंबच होती. कुणी रात्रीचा खेकड्याला गेला, कुणी बांध कोरायला उतरला, कुणाची म्हैसच शिरली.

आणि रंजनाच्या खाचरात कुणी म्हणजे कुणी उतरलं नाही. पाय घालायचा नाही हे तिला माहीतच नव्हतं. पाय घालायची तिला हौसच नव्हती!

त्यातच भरीस भर म्हणून गौरी-गणपतीच्या आधी कोल्हापूरहून एक बातम्यांचं चॅनेल आलं. रंजनाच्या बांधावर कॅमेरा लागला. तिनं सगळ्यांना आंबोळ्या खायला घातल्या, नवी साडी नेसली आणि खुशाल उभी राहिली.

"ताई, एवढं यश कसं मिळवलंत? नेमकं काय करता तुम्ही?"

"मी? मी काय बी करत न्हाई," रंजना म्हणाली. खरं तेच सांगितलं बिचारीनं.

माइक धरलेल्या पोरीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मातीला तिच्या मनासारखं जगू देणारी स्त्री," असं ती कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली. गर्दीत टाळ्या पडल्या. मारुतीनं सगळ्यांत जोरात वाजवल्या.

सुवर्णा मागं उभी होती. तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं. काही न करण्याचा सत्कार! आयुष्यभर कंबर मोडली, खुरप्याच्या मुठीनं तळहाताची सालं निघाली, त्याला कधी कुणी कॅमेरा लावला नाही. आणि घरी आल्यावर मारुतीनं उरलेली आंबोळी खात काय म्हणावं? "हात आहे बाबा रंजनाचा!"

हात! रंजनाचा!

ती जेवली नाही. मारुतीला वाटलं, उपास असेल.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गाव जेवून पडलेलं असताना, सुवर्णा खुरपं घेऊन निघाली. वाटेत दोघी भेटल्या, "कुठं गं?" म्हणाल्या, तर सरळ सांगितलं, "रंजनाच्या रानात. लईच तण माजलंय, जरा हात मारतो." आमच्याकडं बायकाही 'मी जातो, मी करतो' असंच म्हणतात. त्या दोघींना त्यात काही वाटलं नाही. त्यांच्या डोक्यात सभेपेक्षा सवय जुनी. जावेच्या रानात भांगलायला जाणारीला कोण नावं ठेवील? सुवर्णाला हे पक्कं माहीत होतं. चोरी करायला जावं आणि वाटेत लोकांनी चांगलं म्हणावं, असला हा प्रकार.

ती रंजनाच्या खाचरात उतरली. पाय घोट्यापर्यंत गेला आणि तिला पहिल्यांदा जाणवलं, की इथं वास नाही. भांगलताना पायाखालून येणारा तो सडका वास, ज्याची नाकाला सवयच झालेली, तो इथं नव्हता. तिनं एक तण उपटलं. त्याबरोबर भाताचं एक रोपही आलं. मुळं दुधासारखी पांढरी. असली मुळं सुवर्णानं उभ्या जन्मात बघितली नव्हती. ती रोप हातात धरून थोडा वेळ उभी राहिली.

मग तिनं ते परत खोचलं, आणि कामाला लागली. तिच्या हाताचा वेग गावाला ठाऊक होता. त्या दुपारी तो वेग आणि पायांचा घसटा असे दोन्ही मिळून चालले. पाऊल उचलून टाकायचं सोडून ती ओढत होती. एक ओळ, दुसरी ओळ, अख्खं खाचर. तारा डोळ्याला दिसत नव्हत्या, हे बरंच होतं.

शेवटच्या कोपऱ्यात आली तेव्हा बांधावर रंजना उभी. नुकतीच झोपेतून उठलेली, केस विस्कटलेले.

"अक्का! तुमी?"

सुवर्णाचं खुरपं थांबलं. पण तोंड चाललं. "तण बघ किती वाढलंय. म्हटलं, जावंचं रान हाय, हात मारावा."

 बघता बघता रंजनाचे डोळे भरले आणि ती बांधावरच मटकन बसली. "सगळं एकटीनं काढलासा? माझ्या रानातलं?"

"त्यात काय एवढं?"

"भाकरी खाल्लासा काय? थांबा. आता जायाचं न्हाई. मी आलोच."

आणि ती धावत गेली. हो, रंजना धावत गेली! परत आली ती भाकरी, वांग्याचं भरीत आणि दही घेऊन. सुवर्णाला तिथंच, त्याच बांधावर बसून ते खावं लागलं. भरीत फार चांगलं झालं होतं. प्रत्येक घासाला रंजना तिच्याकडं बघून हसत होती, आणि सुवर्णा भाकरीकडं बघून खात होती.

दुसऱ्या सकाळी ग्रुपवर आकडे आले. रंजनाचं नाव पार तळाला. वर सुवर्णा मारुती केसरकर. ते नाव तिनं परत परत वाचलं. मारुतीला हाक मारून दाखवलं. त्यानं "अरे वा" म्हटलं आणि लगेच विचारलं, "पण रंजनाचं काय झालं गं?" एवढ्यानंही तिची गोडी गेली नाही. चहा साखर न घालताच गोड लागला.

पण खाली मुल्ला मॅडमचा निरोपही होता. "रंजनाताईंची नाडी एकदम कशी पडली? खाचरात कुणी उतरलं होतं का? मी आज येते आहे. आता विरजणाच्या लायकीचं सुवर्णाताईंचं एकच खाचर उरलंय. बाकी कुठल्याच खाचरात आता जोर येणार नाही. कृपा करून ते जपा. सगळं गाव त्यावर आहे."

आपल्या खुंटीचा आकडा ज्याला त्याला फोनवर घडीघडीला दिसायचा. हे वाचेपर्यंत तिचा एक पायरी उतरला. तिला वाटलं, डोळ्यांचा घोटाळा असेल. बघते तर आणखी एक पायरी.

सुवर्णा चप्पल न घालताच पळाली.

खाचराच्या कडेला येऊन बघते तर आत, वरच्या कोपऱ्यात, पदर खोचून, खुरपं घेऊन रंजना. कमरेत वाकलेली, घामाघूम. रंजना सासरी आल्यापासून ती इतक्या सकाळी उठलेली सुवर्णानं पाहिली नव्हती. गती तीच जुनी. इतका वेळ राबून दीड ओळ झाली होती. त्या आळशी हातामुळंच खाचराचा एक कोपरा तेवढा गेला होता.

"रंजना! अगं, हे काय?"

"पैरा फेडतोय, अक्का!" रंजनानं मान वर केली. चेहरा उजळलेला. "काल तुमी माझं केलासा, आज मी तुमचं."

"मी मागितला काय पैरा? ये बाहेर. कंबर धरंल तुझी."

"धरू दे. न मागता केलासा म्हणून तर फेडायचा. काल ह्यास्नी गोव्याला फोन करून सांगितलो, अक्कानं मला पैऱ्यात घेतलं म्हणून. ते बी लई खूश झाले." आणि तिनं पुढचं पाऊल टाकलं.

सुवर्णाच्या हातातला फोन पुन्हा थरथरला. आकडा उतरला.

गप्प बसलं तर? तण आहेच कुठं आपल्या खाचरात, थोड्या वेळानं ही दमेल आणि जाईल. पण दमेपर्यंत किती ओळी? आणि तोंड उघडलं, तर कालचं सगळं उघडं पडणार. पाय घालू नको म्हणायचं, तर काल स्वतःचे पाय कसे गेले ते सांगावं लागणार.  पाटी, मान, उजवं टोक, सगळं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला वाकलेली रंजना, आणि तिच्या पायाखाली गावाचं शेवटचं जिवंत विरजण.

रंजनानं आणखी एक पाऊल उचललं.

"थांब!" सुवर्णा ओरडली. "पाय हलवू नको! तारा तुटत्यात!"

"कसल्या तारा?"

मग सुवर्णानं सांगितलं. सभेत काय सांगितलं होतं ते, जिवंत तारांचं, भांगलण बंद केल्याचं, खुंटीचं, विरजणाचं, आणि मॅडम आज येणार असल्याचं. रंजना चिखलात उभी राहून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विरत गेलं.

"म्हंजे काल माझ्या रानात..."

"व्हय. मेलं ते."

"तुमास्नी ठावं हुतं?"

सुवर्णानं मान खाली घातली. "पहिल्या रांगेत बसलो हुतो मी. तार तुटली तर काय हुतंय, हे मीच इचारलो हुतो मॅडमना."

 वरच्या पाटाचं पाणी तेवढं वाजत होतं.

"का अक्का?" रंजनानं विचारलं. आवाज चढला नव्हता. "मी काय केलो हुतो तुमचं?"

"काय बी केलं न्हाईस! तेच तर!" सुवर्णाचा बांध फुटला. "तू काय बी करत न्हाईस, आणि सगळं तुला मिळतंय. लोकं तुला बघाय येत्यात. माझा नवरा तुझ्या हाताचं नाव काढतोय. मी जन्मभर राबलो, आणि मला कोण बघतंय?"

रंजनानं तिच्याकडं असं बघितलं, की जणू ही बाई खुळी झाली आहे. "मी बघत हुतो," ती म्हणाली. "दर लावणीला बांधावर पडून मी काय करतो वाटतंय तुमास्नी? तुमची रांग बघतो. तुमचा हात बघतो. तुमी सगळ्या एकदम वाकतासा, एकदम सरकतासा. कानात गाणी घालतो, ते तुमचं हसणं ऐकू येऊ नये म्हणून. जळून जळून कोळसा झालो की मी, अक्का. पण म्हणून कधी तुमच्या रानात गेलो न्हाई."

 आपला कुणाला हेवा वाटत असेल, हे सुवर्णाच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

रंजनानं खाली बघितलं. "आता बाहीर कशी येऊ? पाय उचलला तर आणखी तुटणार."

"आलीस त्याच पावलांत पाय ठेवून ये."

 एवढं समजल्यावर रंजनानं सरळ खाचरात थयथयाट केला असता, तर तिला कोण दोष देणार होतं? सुवर्णानं स्वतः तेच केलं असतं. पण रंजना वळली. गढूळ पाण्यात चाचपत, आपलंच जुनं पाऊल शोधत, त्यात अलगद पाय ठेवत येऊ लागली. एकदा तोल गेला, तर हात हवेत पसरून तशीच उभी राहिली, पण नव्या चिखलात पाय टाकला नाही. जिनं तिचं रान मारलं, तिचं रान ती असं जपत येत होती. बांधाशी आल्यावर सुवर्णानं हात पुढं केला. तो न धरताच ती वर चढली.

"मॅडम आल्यावर मी सांगतो," रंजना पदरानं तोंड पुसत म्हणाली. "माझ्या रानात मीच उतरलो, मला ठावं नव्हतं, म्हणून. खरंच वाटंल त्यास्नी. तुमचं खाचर वाचलंय, विरजण तुमचं जाऊ दे. पाटी तुमी उचला. माझ्याकडनं ही गोष्ट कुठं जायची न्हाई."

एवढं बोलून ती पाय धुवायला पाटाकडं वळली.

 सुवर्णा सुटली होती. खाचर सुटलं, पाटी सुटली, अब्रू सुटली. आणि तरी पोटात ते जुनंच दुखणं उसळलं, ह्या खेपेला तर जास्तच. ही बाई! नाडीत पहिली, कॅमेऱ्यात पहिली, आणि आता पोटात घालण्यातही हीच पहिली? उद्यापासून पाटी डोक्यावर घेऊन मिरवायचं, ते हिच्या दयेवर?

तिनं फोन कानाला लावला.

"मॅडम, मी सुवर्णा केसरकर बोलतोय. रंजनाच्या खाचरात काल मी उतरलो हुतो. चुकून न्हवं. जाणूनबुजून. नाडी पाडायलाच."

रंजना पाटातून पाय तसेच ओले घेऊन परत आली.

 पलीकडून मॅडमचा कोरडा आवाज रंजनालाही ऐकू आला. "गावाचा नियम तुम्हाला माहीत आहे. तुमचं खाचर आता तुमच्याकडं राहणार नाही. कापणीपर्यंत दुसरं कुणीतरी राखेल. पाटीही त्याचीच."

"रंजनाला द्या," सुवर्णा म्हणाली. "तिच्याइतकं कमी हलणारं गावात दुसरं कोण न्हाई."

"ठीक आहे," एवढंच म्हणून मॅडमनी फोन ठेवला. रंजना तोंड उघडं टाकून बघत होती.

"हे कशापायी केलासा, अक्का? मी गप बसणार हुतो की."

"म्हणूनच केलो. सगळ्यातच तू पुढं काय म्हणून? एवढं तरी माझं मला करू दे."

रंजनानं तिला डोळे भरून बघून घेतलं. मग ती सुवर्णाच्या बांधावर, सुवर्णाच्या खाचराकडं तोंड करून, मांडी घालून बसली. "बरं. मग आता घरला जावा," ती म्हणाली. "तुमचे पाय हितं नगोत."

सुवर्णा निघाली. मागं तिचं खाचर, तिचा बांध, तिचं डोलणारं घनसाळ, आणि त्यावर काही एक न करता बसलेली रंजना. जळत होती सुवर्णा, आतून पार जळत होती. पण पाय काही मागं वळले नाहीत.